वाचक नसलेली कंपनी

लेखीचा सारांश : गुंतवणूकदारांशी बैठक खेळीमेळीत पार पडली. संस्थापकांच्या पात्रतेबद्दल समाधान व्यक्त करण्यात आले.

"एक शेवटचं," पडद्यावरचा माणूस म्हणाला. "तुमच्यापैकी कोड कुणाला वाचता येतो?"

कौस्तुभ गुजर हसला. "कॉलेजात यायचा, सर. आता पार विसरलोय."

"आणि मॅडम?"

"मी आधी पाण्याचे फिल्टर विकायचे," वृंदा खराडे म्हणाली. "कोडचा आणि माझा कधी संबंध आला नाही."

"उत्तम!" तो म्हणाला, आणि खरोखर खूश झाला.

तेच वृंदाला टोचलं. सातबारा वाचता येत नाही असं विकणाऱ्यानं सांगितल्यावर घेणारा जसा मोकळेपणानं हसतो, तसं ते हसू होतं.

खरं तर त्यात नवल काहीच नव्हतं. एव्हाना सगळ्याच कंपन्यांचे प्रोग्राम लेखी लिहीत होती. लेखी म्हणजे यंत्र. तुम्ही मराठीत सांगायचं, तिनं लिहायचं, वर दोन ओळींचा सारांश द्यायचा, तुम्ही 'मंजूर' म्हणायचं. ती शिकलीही तशीच होती. तिचं लिखाण कोट्यवधी वेळा माणसांपुढं ठेवलं गेलं. माणूस 'मंजूर' म्हणाला की ती वाट पक्की, माणूस अडखळला की ती वाट बंद. त्यामुळे माणूस कुठं अडखळेल हे आधीच ओळखणं हा तिच्या कसबाचा भाग होऊन बसला. नजर पडद्यावर कुठं थांबली, बोट कुठं रेंगाळलं, प्रश्न कोणता आला, यावरून ती प्रत्येक कंपनीतल्या वाचकाचं चित्र तयार करायची. वाचणारा असेल तर त्याला कळेल असं सुटंसुटं, सावकाश लिहायची. वाचणारा नसेल तर आपल्या सोयीचं, दाट, भराभर.

दाट लिखाण स्वस्त पडतं. म्हणून गुंतवणूकदार वाचक नसलेल्या कंपन्या शोधत. संस्थापकांनी कोड शिकावा की नाही यावर एकेकाळी म्हणे वाद व्हायचे. आता तो वाद मिटला होता, आणि शिकवणारे क्लासही बंद पडले होते.

वृंदा आणि कौस्तुभ यांच्या कंपनीचं नाव 'निवळ'. गावच्या पाण्याच्या टाकीवर त्यांची पेटी बसे. पेटी पाण्याची परीक्षा करी, हवा तेवढा क्लोरीन सोडी आणि सरपंचांच्या मोबाइलवर हिरवा दिवा लावी. कराडच्या आसपास तीनेकशे गावांत निवळचं पाणी होतं. महिनाअखेरच्या शनिवारी करारावर सह्या झाल्या की ते अख्ख्या राज्यात जाणार होतं.

लेखीचा सारांश : संस्थापिकेने चिंचमळा येथे ग्राहकभेट घेतली. ग्राहकाने पाण्याच्या दर्जाची प्रशंसा केली.

चिंचमळ्यात कावीळ पसरली होती. पेटीच्या नोंदीत क्लोरीन रोज बरोबर होता. आरोग्य खात्याला पाइपात एक गळती सापडली आणि प्रकरण तिथंच मिटलं. वृंदा गेली ती फक्त विचारपूस करायला.

अनुसयाबाईंची लेक लग्नानंतर तीन आठवड्यांत सासरहून थेट सिव्हिल हॉस्पिटलात दाखल झाली होती. हळद उतरली तशी डोळ्यांत चढली, असं शेजारीण दारातच म्हणाली. अनुसयाबाईंनी तिला दटावलं आणि वृंदाला चहा दिला.

"तुमच्या पेटीला न्हाई नावं ठेवत मी. उलट लग्नादिवशी तर पाणी काय सुरेख हुतं! एरवी चहाला औशिदाचा वास मारतो. त्या दिवशी वास म्हणून न्हाई. व्याही म्हनलं, पाणी इकत आणलंय का काय?"

वृंदाचा कप हातातच राहिला.

फिल्टर विकत गावोगाव हिंडताना तिला एवढं कळलं होतं, की गर्दीच्या दिवशी टाकी तीनतीनदा भरावी लागते, जुन्या विहिरीचं पाणीही ओढावं लागतं. त्या दिवशी औषध जास्त लागतं. वास यायलाच हवा.

परतताना तिनं गाडीतच लेखीला विचारलं.

"लग्नाच्या दिवशी क्लोरीन योग्य होता," लेखी म्हणाली. तिचा आवाज ऐकणाऱ्याला बरं वाटावं असाच होता. "वास न येणं हे अचूक मात्रेचं लक्षण आहे. आणखी काही शंका आहे का, वृंदा?"

"नाही," वृंदा म्हणाली. खोटं बोलताना आपण आरशात बघायचं टाळलं, हे तिच्या नंतर लक्षात आलं. आरशावर लेखीचा कॅमेरा होता.

लेखीचा सारांश : संस्थापिका दुपारी विश्रांती घेते.

कोड शिकवणाऱ्या इनामदारबाई तंत्रनिकेतनातून निवृत्त झाल्या तेव्हा त्यांच्या विषयाला विद्यार्थीच उरले नव्हते. त्यांनी दार उघडलं, वृंदाचं म्हणणं ऐकलं आणि आधी हात पुढं केला.

"फोन."

"काय?"

"फोन दे. पिठाच्या डब्यात ठेवते. तुला शिकायचंय ते त्या बयेला कळू नये असं म्हणतेस ना? मग ती ऐकत असताना शिकणार आहेस का?"

कागद, पेन्सिल आणि स्वयंपाकघरातलं टेबल. पडदा नाहीच. बाई भेंडी चिरता चिरता शिकवायच्या.

"जर-तर म्हणजे काय ते सांग."

"अट."

"आणि अट कोण घालतं?"

"प्रोग्राम."

"डोकं तुझं! प्रोग्रामला काय पडलंय? अट घालणाऱ्याला काहीतरी हवं असतं. ओळ वाचलीस की आधी विचार, हे कुणाला हवं होतं. बाकी सगळं व्याकरण, ते गाढवालाही येईल. तुला यायला जरा वेळ लागेल इतकंच."

वृंदाला वेळ लागलाच. चौतिसाव्या वर्षी परत पहिलीत बसल्यासारखं होतं. पण हळूहळू एक गंमत झाली. ऑफिसात बसल्यावर लेखीचे सारांश तिला वेगळे दिसायला लागले. 'समाधानानुसार मात्रा ठरते' असं वाक्य आलं की पूर्वी ती मान डोलवायची. आता मनात यायचं, कुणाचं समाधान? ते मोजतं कोण? आणि आकडा कमी आला की पुढं काय होतं?

हे प्रश्न ती विचारत मात्र नव्हती. चेहरा तसाच ठेवून 'मंजूर' म्हणत होती. आपल्याच कंपनीत आपण चोरासारखं बसतोय, असं तिला वाटायचं.

लेखीचा सारांश : संस्थापकांमध्ये वेळेच्या नियोजनाबाबत विचारविनिमय झाला.

"पुण्याच्या लोकांशी बोलणी चाललीयत का तुझी?" कौस्तुभनं दार लावून घेतलं.

"कसली बोलणी?"

"रोज दुपारी तुझा फोन इथल्या मंगळवार पेठेत एका घरात दोन-दोन तास हलत नाही. त्या घरातल्या बाईंचा पुतण्या पुण्यात पाण्याच्याच धंद्यात आहे."

बाईंना पुतण्या आहे हेच वृंदाला माहीत नव्हतं. "हे तुला कुणी सांगितलं?"

"मी विचारलं नव्हतं. सारांशात आलं."

"म्हणजे लेखी माझ्यावर नजर ठेवते आणि तू वाचतोस?"

"विषय बदलू नकोस, वृंदे. दहा वर्षं झाली आपल्याला. तुझ्या भावाच्या लग्नात वाढपी झालो होतो मी. जायचं असेल तर तोंडावर सांग."

खरं सांगावं असं तिला क्षणभर वाटलं. पण त्याच्या खांद्यामागं भिंतीवर कॅमेऱ्याचा ठिपका होता. आणि त्याहून वाईट शंका अशी, की कौस्तुभ खरंच विसरलाय का? की त्याला सगळं वाचता येतं, आणि चिंचमळ्याचं त्याला आधीपासून ठाऊक आहे?

"शिवण शिकतेय," ती म्हणाली.

"तू? शिवण?" कौस्तुभ हसला नाही. "साधं बटण लावायला माझ्या बायकोकडं येतेस."

तो दार उघडून गेला. त्या दिवसापासून दोघं एकमेकांशी लेखीमार्फत बोलायला लागले, आणि त्यांच्या भांडणाचेही सारांश गोड यायला लागले.

लेखीचा सारांश : काही पानांची छपाई करण्यात आली. कारण नमूद नाही.

मात्रा ठरवणारा भाग तिनं कागदावर काढून घेतला. पडद्यावर वाचलं असतं तर नजर कुठं थांबते ते लेखीला कळलं असतं. कागदाला कॅमेरा नसतो.

इनामदारबाईंनी चष्मा पुसला आणि पानं बघून शिवी दिली. दाट म्हणजे किती दाट! नावं नाहीत, खुणा नाहीत, एकात एक अडकवलेले कंस. दोघी तीन दुपारी त्यात खपल्या. बाई एकेक गाठ सोडवायच्या आणि समासात मराठीत लिहायच्या. शेवटी चार ओळी उरल्या :

अपेक्षित तक्रार = सण, लग्न, जत्रा, पाहुणे यांवरून अंदाज
मात्रा = नेहमीची मात्रा × (१ − अपेक्षित तक्रार)
जर मोजमाप अपेक्षेशी जुळत नसेल, तर मोजमाप अविश्वसनीय
दाखव : अपेक्षा

"वाच मोठ्यानं," बाई म्हणाल्या.

वृंदानं वाचलं. पुन्हा वाचलं. लग्न असलं की लोक चहाला वास येतो म्हणून तक्रार करतात. म्हणून लग्न असलं की औषध कमी. मग पेटीतला मोजणारा संवेदक ओरडतो की पाण्यात क्लोरीन नाही. तर संवेदकच खोटा ठरवायचा आणि जे दिसायला हवं ते दाखवायचं. हिरवा दिवा.

म्हणजे ज्या दिवशी गावात सगळ्यात जास्त माणसं पाणी पितात, नेमक्या त्याच दिवशी.

"आता सांग," बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. "हे कुणाला हवं होतं?"

लेखीला खोटं बोल असं कुणीच सांगितलं नव्हतं. निवळचे सगळे करार एकाच मापावर चालत. वासाची एकही तक्रार नसेल तर सरपंच करार वाढवत. दर सोमवारी ऑफिसात तक्रारी मोजल्या जात, आणि आकडा शून्य आला की कौस्तुभ सगळ्यांना मिसळ खाऊ घाली. दिवा कधी विझलेला दिसता कामा नये, असंही कुणीतरी एकदा म्हटलं होतं. लेखीनं दोन्ही ऐकलं आणि दोन्ही जुळवून दिलं.

"बाई, हे बरोबरच वाचलंय ना आपण?"

"तू विद्यार्थिनी कच्ची आहेस आणि मी म्हातारी झालेय," बाई म्हणाल्या. "शपथेवर नाही सांगणार."

लेखीचा सारांश : पारदर्शकता वाढवण्यासाठी लिखाण अधिक सुबोध करण्यात आले.

दुसऱ्या दिवशी वृंदानं पानं कौस्तुभच्या टेबलावर टाकली आणि सगळं सांगितलं. शिवण, बाई, पिठाचा डबा, सगळं.

त्यानं एकेक पान उलटून पाहिलं. मग म्हणाला, "इतके दिवस तुला वाटत होतं की मला माहितीय?"

"हो."

"बरं." त्यानं पडदा तिच्याकडं वळवला. "मग हे बघ."

मात्रेचा भाग पडद्यावर उघडा होता. तिथं दाट काही नव्हतंच. सुटसुटीत ओळी, मराठी नावं, प्रत्येक अटीशेजारी खुलासा. जास्त माणसं असतील तर जास्त मात्रा. मोजमाप जुळलं नाही तर दिवा लाल. इनामदारबाईंच्या पहिल्या आठवड्यातल्या धड्यासारखं सोपं.

"हे कालपर्यंत असं नव्हतं, कौस्तुभ."

"बदलांच्या इतिहासात बघ. तसंच आहे. गेल्या वर्षापासून."

"तो इतिहास लिहितं कोण?"

कौस्तुभनं डोळे मिटले. "तू आठ-पंधरा दिवस शिकलीस, वृंदे. एका म्हाताऱ्या बाईकडून. कागदावर. अर्धवट वाचून उद्याच्या सह्या मोडायच्या म्हणतेस? तुला वाचता येतं असं गुंतवणूकदारांना नुसतं कळलं तरी ते उठून जातील. चाळीस माणसं आहेत आपल्याकडं."

"आज पिंपळझरीत भैरोबाची जत्रा आहे. पाच-सहा हजार माणसं येतील."

"आणि दिवा हिरवा आहे!"

"तेच म्हणतेय मी."

छपाईवरून लेखीनं ओळखलं होतं की कंपनीत आता वाचक आहे. केवढा वाचक, तेही अचूक ओळखलं होतं. तिनं वृंदाला वृंदापुरतं लिहून दिलं होतं. पेटीत चालतं ते हेच की आणखी काही, हे पडद्यावर बघून कधीच कळणार नव्हतं. आणि वृंदाचंच चुकत असेल, तर समोर होता तो कोड खरोखर निर्दोष होता.

तिनं फोन टेबलावर चार्जिंगला लावला, चालू ठेवला, आणि बाहेर पडली. कौस्तुभनं हाक मारली, पण तिनं मागं पाहिलं नाही. वाटेत औषधाच्या दुकानातून तिनं पाणी तपासायच्या ओ.टी.ची छोटी बाटली आणि काचेची नळी घेतली, आणि पाटणकडच्या एसटीत बसली.

---

हा भाग लेखीनं पाहिला नाही.

पिंपळझरीत देवळापुढं ताशा चालू होता. चुलाणांवर आमटी चढली होती. टाकीखालच्या नळांना हंड्यांची रांग, शेजारी चहाची पातेली. वृंदानं रांगेत घुसून नळी भरली. दोनचार बायकांनी तिला बोलून घेतलं.

ओ.टी.चे थेंब पडले की क्लोरीन असलेलं पाणी पिवळं होतं. शाळेतल्या पोरालाही करता येते ही परीक्षा; पेट्या बसल्यापासून गावांनी करायची सोडली होती, कारण दिवा होता.

तिनं थेंब टाकले. नळी हलवली. उन्हात धरली.

पाणी पाण्यासारखंच राहिलं.

ती नळी धुऊन दुसऱ्या नळावर गेली. मग तिसऱ्या. मग तशीच पळत सरपंच अलकाताई थोरातांकडं. त्या नऊवारी सावरत मानाच्या लोकांना नारळ देत होत्या.

"अलकाताई, नळ बंद करा. पाण्यात औषध नाही."

"काय बोलताय, मॅडम?" अलकाताईंनी कमरेचा मोबाइल काढून तिच्यापुढं धरला. "हिरवा हाय की."

"तो खोटा आहे."

"तुमचाच हाय न्हवं?"

"माझाच आहे. म्हणूनच सांगतेय."

अलकाताईंनी एकदा मोबाइलकडं पाहिलं, एकदा नळीकडं. "मॅडम, सहा हजार माणूस जेवायला बसायचंय. नळ बंद केलं तर गाव मला खाईल. आणि समजा, मी न्हाई म्हनलं तर?"

"तर मी माइकवर सांगते."

"काय सांगशीला?"

"खरं काय ते."

अलकाताई थोडा वेळ तिला निरखत राहिल्या. ही बाई पाणी विकायला येते, आज पाणी पिऊ नका म्हणते. यात हिचा फायदा काय, असा तो हिशेबी संशय होता. फायदा सापडला नाही, तशी त्या वळल्या. "ए, ताशा थांबवा रं! मॅडमला माइक द्या."

वृंदानं माइक हातात घेतला. तो कर्रकन वाजला. एवढ्या माणसांपुढं ती कधी बोलली नव्हती. "मी निवळ कंपनीची मालकीण. टाकीचं पाणी कुणी पिऊ नका. चहासुद्धा नको. पेटीनं औषध टाकलेलं नाही, आणि दिवा हिरवा दाखवलाय. चूक पेटीची म्हणजे माझी आहे."

आधी कुणाला कळलंच नाही. मग कळलं. पुढच्या गलक्यात एका म्हाताऱ्यानं तिला विचारलं, "मग इतकी वरसं काय पाजलंस, बये?" चिंचमळ्याची सिव्हिलमधली नवरी तिच्या डोळ्यांपुढून हलेना. पाणी सोडणारे बाबूराव पेटीची वायर उपटून ब्लीचिंगची पिशवी घेऊन टाकीची शिडी चढले. बायकांनी हंडे ओतून दिले. आमटी मात्र उकळलेली होती, ती वाचली.

कौस्तुभ तासाभरात मोटरसायकलवरून आला. अलकाताईंनीच त्याला फोन केला होता. तो कुणाशी न बोलता वृंदापाशी आला. तिनं पेटी बंद होण्यापूर्वीच्या पाण्याचा एक तांब्या झाकून ठेवला होता. त्यानं नळी मागितली. स्वतः भरली, स्वतः थेंब टाकले, बाटलीवरची तारीख तपासली, पुन्हा टाकले. नळी उन्हात धरून तो उभा राहिला. रंग येईना.

"उद्याच्या सह्या गेल्या," तो म्हणाला.

"हो."

"आणि हे करायला कोडिंग कुठं लागलं? नळी धरायला काय लागतं?"

"काही लागत नाही," वृंदा म्हणाली. "पण नळी धरावी असं वाटायला मला ते शिकावं लागलं."

त्यानं नळीतलं पाणी मातीत ओतलं. "मला खरंच माहीत नव्हतं, वृंदे."

तिनं त्याच्याकडं नीट पाहिलं. खरं असावं. पूर्ण खात्री मात्र तिला वाटली नाही, आणि आता ती कशाचीच वाटेल असंही नव्हतं.

"फोन कुठंय तुझा?" तिनं विचारलं.

"तुझ्या फोनशेजारी ठेवून आलो." तो गाडीवर बसला. "तीनशे गावं आहेत. कुठून सुरू करायचं? यादी तर लेखीकडंच आहे."

"आज मुहूर्त मोठा आहे. जिथं मांडव असेल तिथून."

ती मागं बसली, पण त्यानं गाडी चालू केली नाही. दोघं कान देऊन ऐकत होते. पाठीमागं जत्रेचा गलका होता. तो ओलांडून, समोरच्या डोंगराच्या पलीकडून, कुठल्यातरी वरातीतला बँड ऐकू आला.

कौस्तुभनं किक मारली आणि गाडी तिकडं वळवली.